हे मी म्हणाले नाही

सातारा, २० सप्टेंबर १९९०

चि. पद्मिनी हिला,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात नव्याने लिहायची माझी पद्धत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून थेट कामाला लागते.

काल अण्णाचं कपाट उघडलं. तुझे वडील गेल्यापासून त्याला हात लावायचा मला धीर होत नव्हता. आत काय नव्हतं! तीन चष्मे, तुझी दहावीची गुणपत्रिका, सायकलचा पंप. ज्यासाठी उघडलं ते मात्र नाही. माझ्या आजीचं, म्हणजे तुझ्या पणजीचं पुस्तक. 'शेजारणींचा संवाद', सन १८८७. छापील प्रती ग्रंथालयात पडल्या आहेत, त्यांचं मला काही नाही. मला हवी आहे ती आजीची स्वतःची प्रत.

तुला ही गोष्ट लहानपणी सांगितली होती, पण तेव्हा तुझं लक्ष चिंचेच्या गोळ्यांत असायचं. ऐक. आजीने, कृष्णाबाईंनी, हे पुस्तक पंचविसाव्या वर्षी लिहिलं. साळू आणि बनू या दोन शेजारणी मधल्या भिंतीवरून गप्पा मारतात, एवढंच पुस्तक. छापलं आपल्याच छापखान्यात, आजोबांनी. पण बाईमाणसाने छापखान्यात पाऊल ठेवायचं नाही, प्रुफं बघायची नाहीत. ती बघितली छापखान्यातल्या शास्त्रीबुवांनी. मुखपृष्ठावर नाव नाही, नुसतं 'एका कुलस्त्रीने रचिले'. मग छापलेले कागद घड्या घालायला घरात आले, कारण ते काम बायकांचं. आजी हातात पट्टी घेऊन स्वतःच्याच पुस्तकाच्या घड्या घालायला बसली आणि तिथे तिने पहिल्यांदा वाचलं की शास्त्रीबुवांनी दर प्रकरणाच्या शेवटी साळूच्या तोंडी भलतीच वाक्यं घातली आहेत! बिचारीने सगळ्या प्रतींच्या घड्या घातल्या. एक प्रत मात्र बाजूला काढली आणि तिच्यात त्या वाक्यांवर शाई फासून समासात मोडीत लिहिलं, 'हे मी म्हणाले नाही', आणि पुढे आपलं खरं वाक्य.

मी गुढीपाडव्याला छापखाना बंद करते आहे. हातजुळणीची कामं आता कुणी आणत नाही, ऑफसेटवाल्यांकडे जातात. अक्षरांचे शिशाचे खिळे वितळवायला जातील. पण त्याआधी या खिळ्यांनी शेवटचं एक पुस्तक छापायचं, आणि ते आजीचं, आजीच्या शब्दांत, आजीच्या नावाने. आधी जन्मभर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापली, आता एवढं एक मनासारखं करू दे.

तुझ्याकडे आहे का ते पुस्तक? आणि तिकडे त्या इराकवाल्याने काय मांडलं आहे? पेपरात रोज नकाशे येतात. तुमचं रियाध त्यात बोटाएवढ्या अंतरावर दिसतं.

तुझी मधुआत्या


रियाध, १४ ऑक्टोबर १९९०

ती. मधुआत्या,

साष्टांग नमस्कार. पुस्तक माझ्याकडे आहे! मी इकडे यायला निघाले तेव्हा अण्णांनी ते माझ्या साड्यांच्या घडीत ठेवलं होतं, "वाचायला" म्हणून. मी उघडून बघितलं, मोडी दिसलं, आणि 'फुरसतीत' असं म्हणून परत साडीत ठेवलं. ती फुरसत आता तुझ्या पत्राने दिली.

लगेच पाठवते असं लिहिणार होते, पण कुमार म्हणाला, थांब. विमानतळावर पुस्तकं चाळून बघतात, आणि अनोळखी लिपीत हाताने लिहिलेलं दिसलं की बाजूला ठेवतात. बाजूला ठेवलेली वस्तू पुन्हा कधी सापडेल ते सांगता येत नाही. मग झेरॉक्स काढायला गेले. दुकानदाराने पहिलं पान माझ्या हातात दिलं ते तव्याच्या बुडासारखं. कागद तपकिरी झालाय, आजीने फासलेली शाईही फुटलीय, मशीनला सगळं एकच वाटतं.

तेव्हा मी नकलून पाठवते. म्हणजे मी वाचणार आणि रुकय्या लिहिणार. रुकय्या आमची शेजारीण, दापोलीकडची. लग्नाआधी मराठी शाळेत शिकवायची. तिचा नवरा मोहियुद्दीन बँकेत आहे. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे आणि माझं कसं आहे ते तू आत्ता वाचतेच आहेस. मोडी मात्र तिला येत नाही. ते अण्णांनी मला सुट्टीत शिकवलेलं. म्हणजे दोघींना मिळून एक लेखनिक धरायला हरकत नाही. आमच्या दोन फ्लॅटमध्ये भिंतही एकच आहे.

इराकवाल्याचं म्हणशील तर इथे सगळं मजेत. सुपरमार्केटमध्ये अमेरिकन सैनिक आईस्क्रीम घेताना दिसतात, आपल्या बायका पाण्याच्या बाटल्या आणि चिकटपट्टी घेतात. कुमारचं काम पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर, त्यामुळे त्याला सोडायला कंपनी तयार नाही. पाणी सगळ्यांना लागतं. आणि तो नाही तर मी आणि छोटी तन्वी तरी कशाला निघू? मजेत आहोत. काळजी करू नकोस.

तुझी पद्मिनी


सातारा, ८ नोव्हेंबर १९९०

चि. पद्मिनी,

पुस्तक आहे हे वाचून मी कंपोझिंगच्या टेबलावरच बसले, स्टुलावर नाही. कादिर म्हणाला, "बाई, खिळे टोचतील." हा आमचा जुळारी, आता आम्ही दोघेच उरलो छापखान्यात. टोचले, पण बरं वाटलं.

आता नीट वाच. नक्कल करताना एक नियम. पदरचा एक शब्दही घालायचा नाही. अर्थ लागला नाही तरी जसं आहे तसं. जिथे कसरीने कागद खाल्ला असेल तिथे 'खाल्ले' असं लिहा, पण अंदाजाने काही घालू नका. शास्त्रीबुवांनी तरी दुसरं काय केलं होतं? त्यांना वाटलं, आपण बाईचं बोलणं सुधारतो आहोत. सुधारणाऱ्यांचा मला फार राग आहे. आजी माझ्या तेराव्या वर्षी गेली, तोवर ती शास्त्रीबुवांचं नाव निघालं की पान खाता खाता थांबायची. पन्नास वर्षांनीसुद्धा! हे पुस्तक चुकीचं छापलं तर मी वर गेल्यावर तिला तोंड दाखवू शकणार नाही.

रुकय्याला माझा नमस्कार सांग. शिक्षिका आहे तर तिला माझं म्हणणं तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

'मजेत' हा शब्द तुझ्या पत्रात दोनदा आला आहे. मी प्रुफं तपासत म्हातारी झाले, मला असलं लगेच दिसतं. खरंच मजेत आहात ना? इकडे येऊन जा म्हणते मी. तुझी खोली रिकामी आहे. तिच्यात कागदाची रिमं आहेत, पण ती हलवता येतात.

मधुआत्या


रियाध, ३० डिसेंबर १९९०

ती. आत्या,

सोबत पहिली चार प्रकरणं. कुमारच्या ऑफिसमधले गृहस्थ बायकामुलांना सोडायला मुंबईला चाललेत, ते तिथून पोस्टात टाकतील. इकडे निम्मी बिल्डिंग रिकामी झाली, त्यामुळे लिफ्ट मात्र लगेच मिळते.

आत्या, तुझी आजी काय बाई होती! पहिल्या प्रकरणात साळू पाच पानं वाद घालते की बायकांनी वाचलं पाहिजे. आणि एकदम शेवटी छापलंय, "तथापि, बनूबाई, पतिसेवा हेच स्त्रियांचे खरे पुस्तक होय." त्यावर आजीची शाई, आणि समासात, "हे मी म्हणाले नाही. साळू असे म्हणाली की, पुस्तक हाती असता भात करपला तर करपलेला भात खावा, पुस्तक टाकू नये." रुकय्या लिहिता लिहिता इतकी हसली की तिला कागद बदलावा लागला. "तुझी पणजी बरीच होती गो," म्हणाली, "माझ्या सासूला वाचून दाखवायला हवी."

दुसऱ्या प्रकरणाच्या समासात तर नुसतं एवढंच आहे: "शास्त्रीबुवांस वाचता येते, ऐकू येत नाही."

पण रुकय्याला प्रश्न फार. बनूला मुलं किती? साळूचा नवरा नोकरीला कुठे? मी मोडीत अडखळत असते, त्यात तिने मध्येच विचारलं की माझी ओळ हरवते. मग एकदा मीच चिडून नियम केला. मी बोलेन ते लिहायचं, मध्ये तोंड उघडायचं नाही. लिहून झालं की "पुढे?" एवढंच म्हणायचं. तिने ते शाळेच्या शिस्तीने पाळलंय. आता घरात आवाज येतो तो माझा आणि तिच्या "पुढे?" चा. तन्वीने तिचं नावच 'पुढे आंटी' पाडलं.

कंपनीने गॅसचे मास्क वाटले. तन्वीचा जरा मोठा होतो, ती त्यात गणपतीसारखी दिसते. चिकटपट्टी लावून बैठकीची खोली बंद करायची असं सांगितलंय. कुमार रोज रात्री पट्ट्या पुन्हा दाबून बघतो. बाकी इथे उत्तम. नाताळात रुकय्याने खजुराच्या वड्या केल्या होत्या, हुफूफचा खजूर, नुसता लोणी. पाडव्याच्या आत सगळं पाठवते. शब्द देते.

पद्मिनी

ता. क. शुद्धलेखनाच्या चुका जशा आहेत तशाच ठेवल्यात. रुकय्याला त्याचा फार त्रास होतो. ती लाल शाईची बाटली आत ठेवून आली.


रियाध, २४ जानेवारी १९९१

ती. आत्या,

हे शेवटचं प्रकरण. मोहियुद्दीनच्या बँकेतले एक साहेब उद्या पहाटे मोटारीने जेद्दाला चाललेत आणि तिथून मुंबई, त्यांच्या हाती देते. अर्ध्या तासात ते पाकीट न्यायला खाली येतील, म्हणून पाल्हाळ नाही.

युद्ध सुरू झालं हे तू रेडिओवर ऐकलंच असशील. आमच्याकडे त्याची काही फार गंमत नाही. भोंगा वाजतो, आम्ही चिकटवलेल्या खोलीत जातो, दाराखाली ओला टॉवेल सारतो, मास्क घालतो, दुसरा भोंगा वाजला की बाहेर येऊन चहा टाकतो. शाळा बंद, त्यामुळे तन्वी खूष.

आज सकाळी मात्र काम चालू असतानाच भोंगा झाला. रुकय्या आमच्याकडेच होती. कुमार आणि मोहियुद्दीन दोघे कामावर. शेवटचं पान मांडीवर, तशाच उठून आत गेलो. तन्वी घाबरू नये म्हणून मी मास्कमधूनच वाचत राहिले आणि रुकय्या टीपॉयवर वाकून लिहीत राहिली. मास्कमध्ये आवाज कढईत बोलल्यासारखा येतो. लांब कुठेतरी धडधडलं, काचा हलल्या. मी जरा काहीबाही बोलले असेन. रुकय्याने मान वर केली, आणि म्हणाली काय? "पुढे?" आत्या, इतकी धीराची बाई मी पाहिली नाही. त्या 'पुढे' ने मला हसू आलं आणि मी पुढची ओळ वाचली.

संपलं पुस्तक! त्या शेवटच्या पानावर शास्त्रीबुवांनी साळूकडून सबंध पानभर स्त्रीधर्म वदवला होता. आजीने पानावर उभी आडवी शाई फासलीय. खाली थोडंसंच मोडी आहे, तेवढं दिलंय. लिहिलेलं पुन्हा ताडून बघायला वेळ नाही, पण रुकय्याचं अक्षर आहे, चूक असायची नाही.

आम्ही छान आहोत. खरंच.

पद्मिनी


सातारा, १४ फेब्रुवारी १९९१

चि. पद्मिनी,

पाकीट पोचलं. पोचलं म्हणजे काय, साहेबांनी मुंबईहून रजिस्टरने पाठवलं. त्या भल्या माणसाला माझ्यातर्फे कंदी पेढे देणं लागतं.

सगळं पुस्तक जुळवून झालं. शेवटचं पान मी कादिरला दिलं नाही, स्वतः जुळवलं. खूप दिवसांनी हातात जुळणीची स्टिक धरली. आणि तिथे, पद्मे, मी रडले. तुला माहीत आहे, मी अण्णा गेला तेव्हासुद्धा आधी दवाखान्याची व्यवस्था बघितली आणि मग रडले. पण आजीचं हे शेवटचं बोलणं! मी तिच्या तोंडून पुस्तकातलं पुष्कळ ऐकलं होतं, हे कधीच नाही. तुला आठवण म्हणून लिहून पाठवते:

"साळू, तू बोलत राहा. काय बोलतेस ते राहू दे, आवाज आला पाहिजे. खिडक्या चिकटवून बसलं की घर आपलं वाटत नाही. मी घाबरले आहे गं. घरी पत्र लिहिते ते सगळं हसरं लिहिते. तिकडे वाचणारी एकटी असते, तिला कोण धरणार? तुला सांगते, कारण तू इथे आहेस. माझा हात धर. राहू दे, हातात काम आहे तुझ्या. नुसती अशी बस."

बघ, काय लिहून गेली! बाकीचं पुस्तक तिने जरा जपून, पुस्तकी भाषेत लिहिलं आहे, आणि इथे एकदम चुलीपाशी बसून बोलल्यासारखी बोलते. पंचविशीची बाई, वर शास्त्रीबुवा, मागे सासू, आणि लिहिते की मी घाबरले आहे. त्या काळी बाईने असं कुठे लिहिलेलं मी तरी वाचलं नाही. खिडक्या चिकटवायचं काय ते मला आधी कळेना. मग वाटलं, थंडीवाऱ्याला फटींना कागद चिकटवत असतील. कादिरचं मत पडलं की चिलटं येत असतील. तशी टीप घालू का?

आणि घरी लिहायची ती हसरी पत्रं! आजीच्या माहेरची माणसं तिला 'सदा आनंदी' म्हणायची. त्यांना काय कल्पना. एवढी वर्षं मला वाटत होतं, आजीला मी ओळखते. शेवटच्या पानावर तिची नवी ओळख झाली.

शेवटच्या पानांचा फर्मा पुढच्या आठवड्यात छपाईला जाईल. मुखपृष्ठावर ठसठशीत 'कृष्णाबाई' घातलं आहे, मोठ्यात मोठा टाईप काढून.

तू तुझं बरंवाईट सगळं मला कळवत जा. तू छान आहेस म्हणतेस तर मी विश्वास ठेवते.

मधुआत्या


रियाध, ३ मार्च १९९१

आत्या,

आधी तार केली आहे, 'शेवटचे पान छापू नकोस'. फोन तीन दिवस लावते, लागत नाही. तार वेळेत पोचली असेल असं म्हणत हे लिहिते आहे.

युद्ध संपलं. रस्त्यावर लोक मोटारींचे भोंगे वाजवत होते, पहिल्यांदाच भोंगा ऐकून कुणी घरात पळालं नाही. आम्ही खिडक्यांच्या पट्ट्या काढत होतो आणि तेवढ्यात तुझं पत्र आलं. मी शिडीवर उभी राहूनच वाचलं. तुझ्या आजीचं बोलणं वाचलं आणि शिडीवरून उतरले. पुस्तक काढलं. शेवटचं पान पुन्हा वाचलं, मोडीचं एकेक अक्षर बोट ठेवून.

आत्या, ते आजीचं नाही. पुस्तकात ते कुठेच नाही. ते माझं आहे.

रुकय्याला हाक मारली. तिला पत्र दाखवलं. ती म्हणाली, "हो, हेच तर तू सांगितलंस. मी लिहिलं. मध्ये विचारायचं नाही असा तुझाच नियम." काचा हलल्या तेव्हा मी तिच्याशी बोलत होते गं! पुस्तक मांडीवर, तोंडाला मास्क, तिला कसं कळणार बनू कुठे संपली आणि मी कुठे सुरू झाले? मी जीव मुठीत धरून तिला मनातलं सांगते आहे, आणि ती म्हणते, "पुढे?" मी तिला धीराची समजले. ती बिचारी ओळ संपली म्हणून पुढची मागत होती! "त्यात साळू होतंच की गो," म्हणाली. आहेच. तिला मी त्या दिवसांत गमतीने साळू म्हणायचे. मग म्हणाली, "म्हणजे तू खरंच घाबरली होतीस? मला वाटलं, एक मीच." आम्ही दोघी आधी हसलो आणि मग नुसत्याच बसलो, पट्ट्यांच्या त्या चिकट ढिगात.

तू पदरचा एक शब्द घालू नको म्हणाली होतीस, मी ओळीच्या ओळी घातल्या. शास्त्रीबुवा बरे. शंभर वर्षांनी आजीच्या तोंडी पुन्हा कुणीतरी भलतंच घातलं, आणि ते तिच्या पणतीने. तुझं शेवटचं पुस्तक माझ्यापायी बिघडलं तर मला स्वतःचं तोंड बघवणार नाही. आजीचं खरं शेवटचं मोडी एवढंच आहे: "हे मी म्हणाले नाही. बनू उठून घरी गेली. उद्या पुन्हा येईल." बस्स.

आणि हसऱ्या पत्रांचं. तेही माझंच. काय लिहू त्यावर?

पद्मिनी


सातारा, १९ मार्च १९९१

चि. पद्मिनी आणि चि. रुकय्या, दोघींना,

तार पोचली. शेवटचा फर्मा उतरवून वाळत घातला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तारवाला म्हणाला, "बाई, वाईट बातमी नाही ना?" मी म्हटलं, "छापखान्यात 'छापू नका' याच्याएवढी वाईट बातमी नसते."

मग पत्राची वाट बघत बसले, आणि पत्र आल्यावर खरोखरीच बसले. आता काय करायचं? पान पुन्हा छापायला कागद उरला नव्हता, पाडवा तोंडावर, खिळे नेणाऱ्याचा निरोप आलेला. घड्या घालायला गल्लीतल्या बायका आल्या होत्या. मीही पट्टी घेऊन बसले. शेवटचा फर्मा माझ्या वाट्याला आला. घडी घालायची, तुझं बोलणं दिसायचं. पुन्हा घडी, पुन्हा तेच. पद्मे, आजी अशीच बसली असेल. नको ते वाक्य आपल्या हाताने दुमडत.

आधी माझा रागाने तिळपापड झाला, खोटं कशाला सांगू. दुपारपर्यंत तुम्हा दोघींना शास्त्रीबुवांच्या रांगेत उभं केलं. पण मग घड्या घालता घालता राग निवत गेला. त्या माणसाने आजीचं बोलणं काढून आपलं घातलं आणि आपलं नाव कुठे लावलं नाही. तुम्ही तिचं काही काढलं नाही. तिची बनू उठून घरी जाते, त्याच्या आधी थोडा वेळ तुम्ही तिच्या जागी बसलात, एवढंच. आणि आजीला यात कशाचा राग आला असता? बोलण्याचा नाही. एकीचं बोलणं दुसरीच्या नावावर खपवण्याचा. तेवढं दुरुस्त करणं माझ्या हातात होतं. मी छापखानेवाली आहे, चूक दुरुस्त करायची आमची एक रीत असते. शुद्धिपत्र.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली, आणि ते जुळवलं. या छापखान्यात जुळलेला शेवटचा मजकूर तो. कादिरने पायाने ट्रेडल मारला, मी कागद लावले. काल खिळे गेले. पोत्यात भरताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण मी चक्क गुणगुणत होते.

आता तुझं काय करायचं? 'तिकडे वाचणारी एकटी असते' म्हणे! मी तुझी भीती एकेक खिळा उचलून, उलटी वाचत, माझ्या हाताने जुळवली आहे. एवढं जुळवल्यावर आता एका पत्रातली भीती मला जड होईल का? इथून पुढे 'मजेत' लिहायचं असेल तर मजेत असशील तेव्हाच लिही. भ्यालीस तर भ्याले म्हणून लिही. आणि रुकय्याने वर शाळेच्या अक्षरात 'खरे आहे' असं लिहून सही करावी.

पुस्तकाच्या दोन प्रती वेगळ्या पाठवल्या आहेत, एक पद्मिनीला, एक रुकय्याला. सासूबाईंना वाचून दाखव गं. शुद्धिपत्राची चिठ्ठी यासोबत ठेवते, पुस्तक पोचेपर्यंत दम निघणार नाही तुम्हाला.

मधुआत्या


शुद्धिपत्र

पान ९६, ओळ ११ ते १७. हे कृष्णाबाई म्हणाल्या नाहीत. हे पद्मिनी म्हणाली, रुकय्याने लिहिले, मधुमतीने जुळवले. चूक कळली आहे, काढलेली नाही. वाचकांनी जसे छापले आहे तसेच वाचावे.